हिप्परग्याच्या दोन काठांवर

साखरपुडा होऊन पाच महिने झाले, तरी महेश्वरीनं मल्लिनाथला समोरासमोर दोनदाच पाहिलं होतं. एकदा तो बघायला आला तेव्हा आणि एकदा साखरपुड्यात, पाहुण्यांच्या गराड्यात. तो कच्छमध्ये पवनचक्क्यांच्या साइटवर कामाला. ती सोलापुरात, भवानी पेठेत वडिलांचं टॉवेलचं दुकान सांभाळायची. मधे फक्त फोन. काम संपलं की तो फोन करायचा आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, कानडीत, "ऊटा आतेन?" जेवण झालं का? मग तिकडच्या वाऱ्यात त्याचे शब्द तुटत जायचे. ती फोन कानाला घट्ट दाबून तो वाराच ऐकत बसायची.

लग्नानंतर ती मैंदर्गीला सासूजवळ राहणार आणि तो परत कच्छला जाणार, हे बैठकीतच ठरलं होतं. साइटवर बायकामाणसांची सोय नव्हती, आणि नवरा वारल्यापासून सासू निंगव्वा घरात एकटीच असायची. महेश्वरीला कुणी काही विचारलं नाही.

जानेवारीत त्याला थोडी सुट्टी मिळाली आणि फोटो काढायचं ठरलं. फोटो काढणारी धनलक्ष्मी, महेश्वरीची शाळेपासूनची मैत्रीण, त्याच पेठेतल्या विणकर घरातली.

"झोपाळा, रंगीत धूर, लांब गाऊन, असलं पाहिजे का?" तिनं विचारलं.

"नको गं. आम्ही आहोत तसेच दिसू दे."

"मग हिप्परगा तलाव. सकाळी लवकर, ऊन कोवळं असतं. नेहमीचे कपडे घाला. पोज द्यायची नाही. तुम्ही दोघं बोलत बसा, मी लांबून काढते."

तुम्ही दोघं बोलत बसा. हे वाक्य महेश्वरीनं आठवडाभर मनात घोळवलं. काय बोलायचं, कुठून सुरू करायचं, सगळं ती दुकानात घड्या घालता घालता ठरवत होती.

त्या सकाळी मल्लिनाथबरोबर निंगव्वाही गाडीतून उतरली. "लग्नाआधी दोघंच कसं फिरणार? म्हनून आले मी," ती म्हणाली आणि बाभळीखाली पिशवी घेऊन बसली.

फोनवर मोकळा बोलणारा मल्लिनाथ काठावर आला आणि गप्प झाला. बुटांना लागलेली माती बघत राहिला. महेश्वरीला ठरवलेलं एकही वाक्य आठवेना. धनलक्ष्मीनं बरीच वाट पाहिली, मग कॅमेरा खाली घेतला.

"असं करा. फोन काकूंकडं द्या. दाजी, तुम्ही त्या बाजूला जा."

तिथं तलावाचं पाणी जमिनीत चिंचोळं घुसलं होतं. वळसा घालून तो पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिला. आता मधे पाणी होतं आणि बोलायचं तर ओरडावं लागणार होतं.

"अहो!" महेश्वरीनं हाक मारली.

"ऊटा आतेन?" तो तिकडून ओरडला.

सकाळी सकाळी! ती खळखळून हसली. तोही हसला. धनलक्ष्मीचा कॅमेरा सुरू झाला. आणि हसता हसताच महेश्वरीच्या तोंडून निघून गेलं, "मला तिकडं न्या!"

"काय? ऐकू येईना!"

दुसऱ्यांदा म्हणायला जास्त धीर लागला. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले. "मला तुमच्याबरोबर न्या! मला मैंदर्गीला राहायचं नाही!"

पाण्यावरची बदकं उडाली. बाभळीखाली निंगव्वानं मान वर केली.

"इथं आहे तसं काही नाही तिकडं!" तो ओरडला. "पाणी खारट! वारा झोपू देत नाही!"

"तुम्ही आहात की!"

तो धावत सुटला. वळसा घालून आला तेव्हा धाप लागली होती. "साइटजवळच्या गावात एक खोली बघून ठेवलीय मी," तो हळूच म्हणाला. "दिवाळीपासून. तुला विचारायचं धाडस होईना. आणि आईला तर..."

तिनं पहिल्यांदाच त्याचा हात धरला.

परत येताना सोलापूर जवळ आल्यावर गाडीत निंगव्वानं विचारलं, "तितं ज्वारी मिळती काय?"

"बाजरीच जास्त," मल्लिनाथ म्हणाला.

"मग पीठ हितनं धाडावं लागंल की." तिनं तोंड खिडकीकडं वळवलं.

"आत्याबाई, तुम्हीही चला," महेश्वरी म्हणाली.

"मी? म्हशीला कोन बघंल?" ती हसायला गेली, पण पदर डोळ्यांकडं गेला. "घरात बोलायला मानूस येतंय म्हनून लई वाट बघत होते गं. जा. माज्या लेकालाबी कोन न्हाय तितं."

महेश्वरीला हवं होतं ते मिळालं होतं. तिनं निंगव्वाच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्याकडं घेतली.

मल्लिनाथ कच्छला परत गेला. लग्न वैशाखात होतं. पुढच्या आठवड्यात धनलक्ष्मीनं फोटो पाठवले. एकात तो पलीकडच्या काठावर उभा होता, अंगठ्याएवढा, तोंड उघडं, काहीतरी ओरडत असलेला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. महेश्वरीनं दोन बोटांनी तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, त्याचा चेहरा पुसट होऊन नुसते ठिपके उरेपर्यंत. मग पुन्हा लहान केला, आणि पुन्हा मोठा.