आबा, कोळी!

परदेशात हे घर भाड्याने घेताना माणसं तीनच होती: ती, तिचा नवरा आणि सासरे. पण पहिला आठवडा सरायच्या आत तिच्या लक्षात आलं की आपल्या आधीपासून इथे बरीच मंडळी नांदताहेत. न्हाणीघरातल्या फरशीच्या फटींतून राखाडी, चिलखती पाठीचे किडे निघायचे आणि बोट लावलं की गोळी होऊन पडायचे. पुस्तकांच्या खोक्यात कसर लागली होती. खिडकीच्या चौकटीत शेपटीला चिमटा असलेलं काहीतरी सरपटायचं. आणि कोळी होते. लांब तंगड्यांचे, केसाळ, तळहाताएवढे. हवा गार व्हायला लागली की ते मागच्या दाराखालून सरळ आत येत, जणू भाडं तेच भरताहेत.

ती काही भित्री नव्हती. झुरळ दिसलं की चपलेने सपाट करून, हात धुऊन पुढची पोळी लाटायला घेणारी बाई. पालींची तर तिला माहेरापासून सवय. पण कोळी दिसला की तिच्या अंगावर सर्रकन काटा यायचा, पाय जागीच थिजायचे आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, तिथे हात कधी हलला नाही. घरी मात्र भिंतीवर काळा ठिपका दिसला तरी छातीत धस्स व्हायचं.

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. दिवसभर लोकांना वर-खाली करून दमायचा आणि घरी आल्यावर सोफ्यावरून उठायचं त्याच्या जिवावर यायचं.

"अगं, तो तुझ्यापेक्षा जास्त घाबरलाय," तो म्हणायचा.

"मग आमच्या दोघांपैकी एकाला बाहेर काढ," ती म्हणायची.

शेवटी उठायचे ते आबाच.

आबा म्हणजे तिचे सासरे. जन्मभर वायरमनची नोकरी केलेली. वादळात लाइट गेली की अख्खं गाव त्यांच्या दाराशी यायचं. बायको गेल्यावर मुलाने हट्ट धरला, "एकटे काय करणार तिकडे, आमच्याबरोबर चला," म्हणून ते या देशात आले होते. आल्या आल्या त्यांनी हौसेने स्वयंपाकघरातला लुकलुकणारा दिवा उघडायला घेतला, तर मुलगाच धावत आला. "आबा, हात लावू नका. इथे परवाना लागतो. घरमालकाला कळलं तर आपल्याला बाहेर काढेल." आबा स्टुलावरून खाली उतरले. त्यानंतर त्यांनी कुठल्याच बटणाकडे मान वर करून पाहिलं नाही. टीव्हीवरची भाषा कळायची नाही. दुकानात माणसाऐवजी मशीन पैसे घ्यायचं, त्याच्याशी बोलायचं तरी काय? खिडकीशी बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे.

पहिला मोठा कोळी तिला न्हाणीघरात दिसला. कसाबसा आवाज फुटला, "आबा!"

ते आले. एकवार बघितलं, स्वयंपाकघरातून झाकणाचा पारदर्शक डबा आणला आणि एक जाड पुठ्ठा. डबा अलगद कोळ्यावर पालथा घातला, पुठ्ठा खालून सरकवला. एक तंगडीसुद्धा मुडपली नाही. मागच्या कुंपणापाशी जाऊन त्यांनी त्याला सोडलं.

"मारायचा ना, आबा," ती दारातूनच म्हणाली.

"कशाला? तो बिचारा माश्या खाऊन पोट भरतोय. वायरमनला पण लोक घाबरायचेच की, लाइट तोडायला आला म्हणून."

मग तो रिवाजच पडला. "आबा, कोळी!" अशी हाक गेली की खिडकीपाशी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. छताच्या कोपऱ्यातला असेल तर ते स्टूल घेऊन चढायचे. इतकी वर्षं खांबांवर काढलेल्या माणसाला छत ते काय! रात्री जेवताना अहवाल द्यायचे, अगदी सरकारी थाटात.

"आज मोठ्या साहेबांची बदली झाली. न्हाणीघरातून बागेत."

"आणि परवाचे साहेब?" ती विचारायची.

"ते वशिला लावून परत आलेत. पाठवतो उद्या लांब."

तिघेही हसायचे. त्या घरातलं पहिलं हसणं असं कोळ्यांच्या नावाने झालं.

पुढच्या वर्षी मुलगी झाली. अंगाने अंमळ गुबगुबीत, म्हणून आबांनी तिचं नाव ठमी ठेवलं आणि तेच पडलं. बाळासाठी ती कामावरून रजेवर होती. बाळ झाल्यावर तिची भीती कमी होईल असं नवऱ्याला वाटलं होतं, झालं उलटंच. आता ती पाळण्याखाली वाकून बघायची, दुपटी दोनदा झटकायची, झोपेतून उठून भिंती तपासायची. "आबा, आता मारत चला ना," ती अधूनमधून म्हणायची. आबा मान डोलवायचे आणि डबा घेऊन मागच्या दाराने बाहेर जायचे.

एका सकाळी ठमीच्या उजव्या गालावर लालभडक चट्टा उठलेला दिसला. गाल सुजला होता, ठमी किरकिरत होती. तिने घाबरून पाळणा ओढला, तर मागच्या कोपऱ्यात एक ताजं जाळं आणि त्यात एक बारका कोळी.

आबा दारात येऊन उभे होते. डबा त्यांच्या हातातच होता.

"बघा!" ती कडाडली. "बघा तुमच्या साहेबांनी काय केलंय! किती वेळा सांगितलं मारा म्हणून. तुम्ही सोडता आणि ते परत येतात. तुमची करमणूक होते आणि माझ्या पोरीचा गाल असा होतो!"

"सूनबाई, मी बघतो..."

"नका बघू. काही बघू नका तुम्ही."

आबांनी डबा पाठीमागे घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "चुकलं माझं."

वडीलधारा माणूस सुनेपुढे "चुकलं" म्हणतो, तेव्हा सुनेने काहीतरी बोलायला हवं असतं. ती बोलली नाही. बाळाला शालीत गुंडाळून तिने नवऱ्याला फोन लावला आणि दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी गाल बघितला, हिरड्या चाचपल्या, मग शेजारी काढून ठेवलेली लोकरी टोपी उचलली. टोपीच्या नाडीवर बोट फिरवून त्या म्हणाल्या, हा चावा नाही. दात येताहेत, लाळ गळते, ओल्या कातडीवर ही नाडी घासली गेली आहे. टोपी बदला, मलम लावा, चार दिवसांत जाईल.

टोपी तिनेच घेतली होती. नाडी तीच रोज नीट, घट्ट बांधत होती.

घरी आली तेव्हा आबा दारातच होते. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"मलम दिलंय," ती म्हणाली. "होईल बरं."

खोटं त्यात काही नव्हतं. बाळ भुकेलेलं होतं, तिचं डोकं दुखत होतं आणि मनातून इतकं ओशाळल्यासारखं झालं होतं की पुढचं न सांगताच ती आत गेली. संध्याकाळी सांगू, असं तिने ठरवलं.

पण दुपारीच कीटकनाशकवाला आला. तिचा फोन गेल्याबरोबर नवऱ्याने त्याला बोलावून ठेवलं होतं. पाठीवर टाकी, तोंडाला मास्क. त्याने घरभर औषध मारलं, फटी पांढऱ्या लुकणाने बुजवल्या, मागच्या दाराला खालून ब्रशाची पट्टी ठोकली. तोवर सगळे समोरच्या बागेत बाकावर बसले होते. नवरा म्हणाला, "चला, सुटलात आबा. तुमचं कोळ्यांचं काम संपलं एकदाचं." आबा बाकाच्या पार टोकाला बसले होते. त्यांनी नुसतं "हं" केलं.

काम खरंच संपलं. घरात मुंगीसुद्धा दिसेना. ती निवांत झोपू लागली. आबांनी तो डबा गरम पाण्याने स्वच्छ धुतला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर इतर डब्यांत ठेवून दिला.

आणि मग हळूहळू तिला जाणवलं की आता घरात आबांना हाक मारायला कारणच उरलं नाही. "आबा, जेवायला," एवढीच काय ती हाक. ते उठायचे, जेवायचे, परत खिडकीशी. ठमीला त्यांच्याकडे द्यायला गेलं तर म्हणायचे, "तूच घे, माझे हात गार आहेत." कधी म्हणायचे, "मला आता धड धरता येत नाही." ज्या माणसाच्या हातून कोळ्याची तंगडी दुखावली नव्हती, तो नातीला उचलायला कचरत होता.

तिला कळत होतं. प्रत्येक वेळी ते वाक्य ओठांवर यायचं. आबा, तो कोळी नव्हता, टोपीची नाडी होती. किती सोपं वाक्य! पण त्या दिवशी सांगायचं राहिलं, मग आठवड्याने सांगायला कसंसंच वाटलं, मग वाटलं, जुनी खपली कशाला काढा. ठमीचा गाल केव्हाच लोण्यासारखा झाला होता. विषय संपलाय, असं ती स्वतःला समजावत राहिली.

एकदा जेवताना आबा म्हणाले, "आक्काला एकटीला जड जातंय म्हणे. मी जावं म्हणतो तिकडे." आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, गावाकडे एकटी राहणारी.

"आत्या ठणठणीत आहे," मुलगा म्हणाला. "परवाच बोललो मी. इथे काय कमी आहे तुम्हाला?"

"कमी काही नाही रे. पण इथे माझं काय काम?"

"कामं कसली करायची आता? आराम करा."

"राहा ना, आबा," तीही म्हणाली. पण पाहुण्याला म्हणावं तशी म्हणाली. आबांनी तिच्याकडे पाहिलं. ही वेळ होती. ती भात आणायला उठली.

आबा गेले. विमानतळावर त्यांनी ठमीच्या डोक्यावरून दुरूनच हात फिरवल्यासारखं केलं.

पुन्हा हवा गार झाली आणि औषधाचा असर ओसरला असावा. ठमी एव्हाना भिंतीला धरून चालत होती. एका दुपारी तिच्या खेळण्यांपासून हातभर अंतरावर एक कोळी बसलेला दिसला. नवरा कामावर होता. तिने तोंड उघडलं, "आबा" एवढं निघालंसुद्धा, आणि मग तिनेच ओठ मिटले. फळीवरून डबा घेतला. पहिल्यांदा नेम चुकला. दुसऱ्यांदा डबा बसला. डबा शक्य तितका लांब धरून ती कुंपणापर्यंत गेली, उपडा केला आणि मागे न बघता आत पळाली. ठमी टाळ्या वाजवत होती. तिला मात्र फरशीवर बसून रडू कोसळलं, आणि ते भीतीचं रडू नव्हतं. हे फोनवर सांगायचं नाही, समोर बसूनच सांगायचं, असं तिने त्या दिवशी ठरवलं.

सुट्टी मिळून जाणं व्हायला बरेच महिने लागले.

आक्कांच्या घराच्या मागच्या पायरीवर आबा कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. अंगाने वाळले होते, पण चेहरा उजळला होता. आक्का आत पलंगावर होत्या. गुडघे गेल्यामुळे त्यांना उठवायला-बसवायला माणूस लागत होतं. नवरा त्यांच्याशी बोलत बसला, तेव्हा ती मागे गेली आणि आबांच्या शेजारी पायरीवर बसली.

"आबा, एक सांगायचं होतं." आणि तिने सांगितलं. टोपी, नाडी, लाळ, डॉक्टरीणबाई, सगळं.

आबांचा स्क्रू-ड्रायव्हर थांबला. "म्हणजे कोळी नव्हता?"

"नव्हता."

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर पायरीवर ठेवला. "तुम्ही फोनवर फोटो पाठवायचात ना, तर मी आधी तिचा गालच बघायचो. मोठा करून. वाटायचं, डाग राहिला असेल, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही दुसऱ्या बाजूने फोटो काढत असाल."

तिला वर बघवेना. "आबा, मला माफ करा."

"माफ काय करायचं त्यात." आवाजात राग नव्हता. "पण तेव्हा सांगितलं असतंस ना, तर मी राहिलो असतो."

"मग आता चला. आमच्याबरोबरच चला."

"आता कसा येऊ, पोरी? तेव्हा मी आक्काचं निमित्त केलं होतं. आता ते खरं झालंय."

आतून ठमी दुडदुडत आली. आबांनी फडक्याने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि तिला उचलून मांडीवर घेतलं. उजवा गाल उजेडाकडे वळवून पाहिला. ठमीने त्यांच्या मिशीला हात घातला तशी ते हसले. उरलेले दिवस ठमी त्यांच्या कडेवरून खाली उतरलीच नाही. निघताना तिने असा आकांत मांडला की तिला त्यांच्यापासून सोडवताना शर्टाचं बटण तुटलं.

गाडी रस्त्याला लागल्यावर नवऱ्याने विचारलं, "त्या दिवशी मागे बसून आबांशी एवढं काय बोलत होतीस?"

तिने त्यालाही सांगितलं. तोही पहिल्यांदाच ऐकत होता.

मग तो म्हणाला, "मी त्यांना म्हणालो होतो, तुमचं काम संपलं म्हणून. बागेत. तू होतीस ना तिथे, सगळं माहीत असून?"

"होते."

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. रडून दमलेली ठमी त्याच्या खांद्यावर झोपली होती. तिची मान कलली तशी त्याने ती सावरली आणि बाहेर बघत राहिला. तिने हात पुढे केला, पण त्याचा हात ठमीच्या पाठीवर होता, तो त्याने तिथेच ठेवला.