जेवढा जातो तेवढा हात

खोकल्याच्या गोळीचा कागद मुठीत दाबून धरला तरी चुरचुरतोच, आणि सभागृहात आता इतकी शांतता की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. बायकोनं कोपरानं ढोसलं. "अहो, तो कागद खिशात टाका की." टाकला. गोळी तिनंच दिली होती, झोप लागू नये म्हणून. मागच्या वर्षी विद्यापीठाच्या याच कार्यक्रमात तो चक्क घोरला होता, आणि नंतर लेकीला "छान झालं हं" म्हणाला होता, आणि ठकी (हे लेकीचं घरातलं नाव) नुसती हसली होती. ते हसू त्याला वर्षभर कुसळासारखं टोचत राहिलं.

यंदा नाच तिनं स्वतः बसवलेला. सकाळी चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, छान म्हणू नकोस. काय दिसलं तेवढं सांग." म्हणजे परीक्षाच की! ज्याचा सारा जन्म बंदरावर क्रेनला हातानं इशारे देण्यात गेला त्याला नाचातलं काय कळणार... पण या वेळी लेकीला एक तरी खरं वाक्य द्यायचं, एवढं ठरवून तो डोळ्यांत तेल घालून बसला होता.

रंगमंचावर उजेड आला. राखाडी कपड्यांतली मुलं-मुली जमिनीवर, मधोमध ठकी. तिनं तळवा वर नेऊन सावकाश गोल फिरवला आणि मुलं उठू लागली — अरे, हा तर क्रेनचा 'उचल'! तळवा खाली वळला, गोल फिरला, मुलं बसू लागली... सोड, सोड, सावकाश सोड... लहानपणी आई दूध ओतायची तेव्हा ठकी पेल्याशेजारी उभी राहून हेच इशारे द्यायची, आणि 'थांब'चा हात वर गेला की आईनं थांबायलाच हवं, नाहीतर रडारड. अर्धाच पेला पिऊन पळायची लबाड. "बघितलंस का?" तो कुजबुजला. "बघतेय. गप्प बसा."

आणि मग 'थांब' आला. चुकला! हात सरळ वर हवा, दंड कानाला लागेल असा, तळवा समोर. ठकीचा हात मात्र खांद्याच्या जरा वर जाऊन कोपरात वाकला आणि मान एका बाजूला कलली, उरलेली उंची मानेनंच भरून काढायची असल्यासारखी. त्याचा जीव कळवळला. असा 'थांब' मी कधी कुणाला शिकवला? क्रेनच्या उंच केबिनमधल्या माणसाला दिसायला नको? पाठोपाठ सगळ्या मुलांनी तोच हात केला, तीच मान — एकजात चूक! बरं, सांगायचं वाक्य तरी सापडलं: हात पूर्ण वर जात नाहीये, बाळ. खरं वाक्य. त्याला हायसं वाटलं.

नक्की कसा हवा ते बघावं म्हणून त्यानं अंधारातच आपला उजवा हात वर केला... हात गेला, आणि कोपरात वाकला. मान आपोआप कलली.

खांद्याला क्रेनच्या हुकाचा फटका बसला तेव्हा ठकी शाळेतही जात नव्हती. हाड जुळलं, डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि तो कामावर परतला तो पहिल्यासारखाच, असंच तो समजून होता. मी हात सरळच करत होतो! माझ्या आतून तो सरळच होता की! मग इतकी वर्षं... केबिनमधला माझा दोस्त, ओझं हवेत लटकत असायचं आणि तो या एवढ्याशा हातावर थांबायचा, बिनचूक; चहा पिताना एकमेकांना नाही नाही ते बोललो, पण हे त्यानं कधी काढलं नाही. त्यानं शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. तिनं त्याचा हात खाली घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला. स्वयंपाकघरातले वरच्या फळीवरचे डबे खालच्या फळीवर कधी आले, ते त्याला आठवेना.

राग यायला हवा होता का? बापाचं व्यंग भर सभेत मांडलं कार्टीनं... पण ती परक्यांची पोरं त्या वाकड्या हातापाशी किती मान राखून थांबत होती! असलं देखणं काही आपल्या अंगात असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

टाळ्या झाल्या, दिवे लागले. ठकी पायऱ्या उतरून खुर्च्यांमधल्या वाटेनं येत होती, घामेजलेली, डोळे त्याच्यावर. 'छान' जिभेवर आलं, ते त्यानं गिळलं. तयार केलेलं वाक्य तर मघाशीच मोडलं होतं. काय दिसलं, ठकी... मी दिसलो गं. पण असं चारचौघांत बाप बोलतो का? ती जवळ आली, विचारणार तोच त्याचा हात वर गेला. जेवढा जातो तेवढाच. या वेळी त्यानं तो ओढूनताणून आणखी वर नेला नाही.

ठकी जागच्या जागी थांबली. मागची माणसं तिला वळसा घालून जात होती. ती हलेना, नजर त्याच्या तळव्यावर, पुढच्या इशाऱ्याची वाट पाहत. खांद्यात कळ यायला लागली होती, आणि तरी हात खाली घ्यावा असं त्याला वाटेना.