दुसरी ओळ ताईची

पिंपात द्राक्षं आंबायला लागली की सालं वर तरंगतात. दिवसातून तीनदा ती लाकडी दांड्यानं रसात दाबायची. यंत्र नाही, औषध नाही, सगळं हातानं. हीच त्या घरच्या वाइनची ख्याती.

सालं दाबताना वहिनी गायची. हात चालला की गळा चालायचा. धाकट्या दिरानं ते ऐकलं आणि पिंपावर कॅमेरा बसवला. तेव्हापासून शहरातल्या त्याच्या दुकानात, भिंतीवरच्या पडद्यात वहिनी थेट गाऊ लागली.

"लोकांना नुसती बाटली नको असते, वहिनी. बाटलीमागचं माणूस हवं असतं."

माणूस मग पिंपापाशीच राहिलं.

त्या सकाळी ताईच्या मुलाचा फोन आला. मावशी, आईनं अन्न सोडलंय, सारखं तुझंच नाव घेते. वहिनीनं लगेच दिराला फोन लावला, स्पीकरवर.

"दोन दिवस जाऊन येते. सालं तुझा दादा दाबेल."

"दाबेल हो, पण गाईल कोण? दादानं तोंड उघडलं तर वाइनचं व्हिनेगर होईल."

शेजारी पिंप धुणारा नवरा हसला. वहिनीलाही हसू आलं, आणि तिथंच घोडं अडलं. बोलणं हसण्यावारी गेलं.

"एवढा शनिवार-रविवार काढा. गिऱ्हाइकं तुमच्यासाठी येतात. सोमवारी मी स्वतः गाडीनं सोडतो."

"सोमवारी ती असेल का रे?"

"असं अभद्र बोलू नये, वहिनी."

कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. वहिनीनं दांडा उचलला. ओठांवर आलं ते दोघी बहिणींचं गाणं. पहिली ओळ हिची, दुसरी ताईची, हे दुधाचे दात पडायच्या आधीपासून ठरलेलं.

*वेलीला वेल लागे, मांडव झाला दाट...*

पुढं ताईनं म्हणायचं: *तुझ्या गं पावलांची बघते मी वाट.* ते काही वहिनीच्या तोंडून निघेना. ती थांबली. पिंपात बुडबुडे फुटत राहिले. पुन्हा पहिली ओळ, पुन्हा तेवढीच जागा मोकळी.

संध्याकाळी दिराचा फोन आला.

"कमाल केलीत, वहिनी. ते मधेच थांबणं! लोकांच्या अंगावर काटा आला. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती."

"ती ओळ ताईची आहे."

"असू दे की. उद्याही तिथंच थांबा."

सालं पुन्हा वर आली होती. नवऱ्यानं दांडा स्वच्छ धुतला आणि तिच्याकडे न बघता तिच्या हातात दिला.