पोकळ फटका

सकाळची उन्हं खिडकीतून शिलाई मशीनवर आली होती. मशीनसमोरच्या स्टुलावर ठमी उभी होती आणि आई तिच्या अंगावरच्या लाल जाकिटाला टाचण्या लावत होती. जाकीट ताईचं होतं. ते खांद्यात आत घ्यायचं होतं, बाह्या आखूड करायच्या होत्या. छातीवर सोनेरी टिकल्यांनी भरलेली ठिणगी मात्र जिथल्या तिथेच राहणार होती.

"हलू नकोस, टोचेल."

"टोचू दे. आता मी ठिणगी. ठिणगीला काय टोचतंय?"

"ठिणगी नंतर हो, आधी सरळ उभी राहा. नुसती भिंगरी आहे मेली."

ठमीला तेरावं वर्ष सरून गेलं होतं. 'धडाका' या गाणाऱ्या-नाचणाऱ्या पाच मुलींच्या संचाची पोस्टर्स तिने कपाटाच्या आतून चिकटवली होती. ठिणगी, वीज, लाट, गार आणि तारा ही त्या पाचजणींची नावं. खरं तर ती मुलींची नव्हतीच, जागांची होती. मुली मोठ्या होत, जाड होत, मोडत. नावं तशीच राहत. नवी मुलगी आली की तिला जुनं नाव, जुना केसांचा टोप आणि जुनं जाकीट मिळे. लांबून बघणाऱ्याला टोप आणि जाकीटच दिसतं, त्यामुळे बदल कोणाच्या लक्षात येत नसे.

उडीनंतर पाय चुकीचा टेकल्यापासून ताईचा गुडघा भार घेत नव्हता. संच चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, "घरातली जागा घरातच राहू द्या. धाकटीला पाठवा." घरच्यांना तो मोठेपणा वाटला. एके काळी पहिली ठिणगी मॅडम स्वतःच होत्या.

ताई पलंगावर बसून गुडघा शेकत होती. "आई, तिथे काय होतं ते तिला सांगितलंस?"

आईच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढायला तिने जरा जास्तच वेळ घेतला. "सगळं ठाऊक आहे तिला. थोडा मार खाल्ल्याशिवाय कुठली कला अंगात मुरते?"

"बरोबर आहे," बाबा दारातून म्हणाले. संचाची गाडी तेच चालवत. "मलाही मास्तरांनी बडवलं, म्हणून आज गाडी चालवतोय."

"बाबा, तुम्हाला गणितात बडवलं. गाडी तुम्ही मामाकडे शिकलात," ताई म्हणाली.

"आणि गणित अजून येत नाही!" ठमी खिदळली. बाबाही हसले, आणि विषय तिथेच संपला. त्या घरात तो नेहमी असाच संपत असे.

तालमीच्या खोलीतली रीत अशी होती. आरशाशेजारच्या खिळ्याला रबराची एक जाड नळी टांगलेली असे. जी चुकेल तिच्या पोटरीवर तिच्या शेजारच्या मुलीने फटका मारायचा. फटका हलका पडला तर त्याला 'पोकळ' म्हणत. मग बाकीच्या मुली मारणारीलाच मारत आणि मूळ फटका पुन्हा द्यावा लागे. जाणारी मुलगी येणारीला शिकवी, तेव्हा नळीही तिच्याच हातात असे. मॅडमनी आजवर कोणाच्याही अंगाला बोट लावलं नव्हतं, आणि हे त्या अभिमानाने सांगत. या रचनेत एक गोष्ट फार पक्की होती. प्रत्येकीने मार खाल्ला होता तसा दिलाही होता. मग तक्रार कोणी, कोणाविरुद्ध करायची?

ताई घरी बसू शकत होती. पण मग ठमीला शिकवायला वीज किंवा तारा उभी राहिली असती. म्हणून ती लंगडत निघाली. गाडीत मागच्या सीटवर ती ठमीच्या कानात म्हणाली, "मी नळी उचलली की जोरात ओरड. मी हळूच मारीन."

"किती जोरात?"

"जीव गेल्यासारखं."

ठमीला त्याची मोठी गंमत वाटली.

खोलीच्या एका भिंतीला आरसा होता आणि त्याच्या कडेने हात धरायची लाकडी दांडी. मॅडम खुर्चीवर चहाचा पेला घेऊन बसल्या होत्या. गाणं सुरू झालं. ठमीचं अंग हलकं होतं, पाय तालात पडत होते. मग एका गिरकीला चौघी डावीकडे वळल्या आणि ती उजवीकडे.

गाणं थांबलं. ताईने खिळ्यावरची नळी काढून उचलली.

"आई गं!" ठमी किंचाळली. नळी अजून वरच होती.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग मॅडम हसल्या, अगदी पोटातून. "फटक्याआधी रडणारी पहिलीच पाहिली बाई मी! कोणी शिकवलं गं तुला? ताईने?"

ठमीने होय म्हणून मान हलवली. तिला वाटलं, सगळ्या हसतायत म्हणजे प्रकरण मिटलं.

"पोकळ मारणार होतीस," मॅडम ताईला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चौघी या इकडे."

नळी हातोहात फिरली. विजेने मारलं, गारेने मारलं, तारेने मारलं. लाट ताईच्या बरोबरीची, तिने नळी घेताना कुजबुजून सांगितलं, "दुखरा पाय मागे घे."

"दुखऱ्यावरच," मॅडम म्हणाल्या. "चांगल्या पायावर उभं राहून तिला अजून शिकवायचंय."

नळी मांसावर पूर्ण टेकली तर आवाज जाड येतो; हात शेवटच्या क्षणी आवरला तर नुसती हवेची शिट्टी वाजते. मॅडमचा कान त्यात चुकत नसे. लाटेचा आवाज जाड आला. ताईने दांडी धरली, पण ती खाली बसलीच.

मॅडमनी नळी ठमीकडे द्यायला लावली. "आता तू. खोटं शिकवलंन ना तुला? जागा हवी असेल तर मार."

तेवढ्यात आई शिवून झालेलं जाकीट घेऊन दारात आली. मुलींच्या पायांवरचे वळ तिने पुष्कळदा पाहिले होते. ते उमटताना ती आज पहिल्यांदा पाहत होती.

ठमीने डोळे मिटून मारलं. शिट्टी वाजली.

"आवाज?"

तिने पुन्हा मारलं. मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्या वेळी ठमीने डोळे उघडे ठेवले आणि नळी खांद्यामागून आणली. ती थेट ताईच्या सुजलेल्या गुडघ्यावर बसली.

"हां!" मॅडम म्हणाल्या. "ही खरी ठिणगी."

कौतुक ऐकून ठमीला हसू आलं. ते हसू तिला स्वतःलाच समोरच्या आरशात दिसलं आणि तिचा चेहरा एकदम पांढरा पडला.

ताईनेही ते पाहिलं होतं.

"आता हिचा राहिलेला फटका दे," मॅडम ताईला म्हणाल्या. "आणि भरीव."

ताईने नळी घेतली आणि खाली ठेवून दिली. "मारणार नाही."

"मग चौघी मारतील. तिलाही आणि तुलाही."

"मारू देत. माझा हात आता उठायचा नाही. आई, ठमीला घरी ने."

"मी नाही जाणार!" ठमी ओरडली. "तुझं नाचून झालं म्हणून माझं बंद होय?"

मॅडमनी विजेकडे पाहिलं. विजेने नळी उचलून ठमीच्या पोटरीवर नेम धरला, आणि ताईने बसल्या जागेवरून स्वतःला ठमीवर झोकून दिलं. दोघी खाली पडल्या. फटके ताईच्या पाठीवर पडले, मानेवर पडले. ठमी तिच्याखालून सुटायला धडपडत होती. त्या झटापटीत ताईचा दुखरा पाय दांडीच्या खांबात अडकला आणि गुडघा भलत्याच दिशेला वळला. हाड मोडल्याचा आवाज गाण्याविना शांत असलेल्या त्या खोलीत सगळ्यांनी ऐकला.

लाटेने विजेच्या हातातली नळी हिसकून भिरकावली. आई आता कुठे उंबरठ्यावरून हलली.

"माझ्याकडे काय बघता?" मॅडम म्हणाल्या. "मी कोणाला हात लावलाय का? विचारा ना त्यांना."

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पाय बांधून घेतला आणि केसपेपर पुढे ओढला. "कसं झालं?"

"नाचताना पडली," आई म्हणाली. ते वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की बोलून झाल्यावरच तिला ते ऐकू आलं.

"पाठीवर नळीसारखे वळ आहेत. पडून असे उठत नाहीत."

"मला मारलं," ताई म्हणाली.

बाबा पुढे झाले. "अगं, नावं घेतलीस तर त्या पोरींनाच धरतील. मॅडमनी हात कुठे लावलाय?"

"म्हणूनच सगळं सांगायचं, बाबा. चौघींनी मारलं, ते मॅडमच्या हुकमाने. मी त्यांना इतकी वर्षं मारत आले, तेही लिहा. अर्धं सांगितलं तर त्या पोरी अडकतील आणि मॅडम सुटतील."

आईने तिचा हात दाबला. "ठमीचं नको गं. लहान आहे ती."

तेवढं एक ताईच्याने सांगवेना.

"मी पण मारलं," भिंतीला पाठ लावून उभी असलेली ठमी म्हणाली. "गुडघ्यावर मारलं ते मी. मॅडम म्हणाल्या, आवाज आला पाहिजे." आणि मग ती रडू लागली, अगदी हळू, आवाज न करता.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी आईला विचारलं, "आणि तुम्हाला इतक्या वर्षांत काही दिसलं नाही?"

"दिसायचं. कपडे मीच शिवते त्यांचे, मापं मीच घेते." आई पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. "आधी मॅडम पायांना रंग फासायला लावायच्या. तो घामाने उतरायचा. मग मीच म्हटलं, मांडीपर्यंत येणारे जाड मोजे शिवून देते, पट्ट्यापट्ट्यांचे. झाकलं जाईल. लोकांना फार आवडले ते. आता दुकानांतसुद्धा मिळतात."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. स्वतःच्या मुलीने फार हट्ट धरला म्हणून गेल्याच आठवड्यात त्यांनी असा एक जोड घरी नेला होता. तो घालून तिने त्यांना गिरकी घेऊन दाखवली होती, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"लिहा ना, डॉक्टर," पलंगावरून ताई म्हणाली. "थांबलात का?"