सत्काराची आगाऊ बातमी

हर्षदने बातमी दुपारी दोन वाजता पाठवली. कार्यक्रम पाच वाजता होता. पेणच्या रामवाडीतल्या हॉलमध्ये तेव्हा मंडपवाल्याची दोन माणसं खुर्च्या मांडत होती, एवढंच.

त्यात नवल काही नव्हतं. जिल्ह्याचं पान चार वाजता लागतं आणि पाहुणे कधी वेळेवर येत नाहीत. म्हणून तालुक्याचे वार्ताहर निमंत्रणपत्रिका समोर ठेवून दुपारीच ‘करण्यात आला’, ‘उपस्थित होते’ असं लिहून मोकळे होतात. हर्षदनेही लिहिलं. पेण-रोहा वार्ताहर संघाचे अध्यक्ष हैबतराव खामकर यांचा बावीस वर्षांच्या सेवेबद्दल शाल, श्रीफळ व मानपत्र देऊन सत्कार. शेवटी एक वाक्य त्यांच्या तोंडी घातलं : ‘हा सन्मान माझा नसून तळागाळातल्या प्रत्येक वार्ताहराचा आहे.’

ज्याचा सत्कार होता त्यालाच ही रीत चालत नव्हती, हे हर्षदइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बारा वर्षांपूर्वी गागोदे बुद्रुकच्या शाळेतल्या वह्यावाटपाची बातमी त्याने अशीच घरी बसून दिली होती. पाहुणे आलेच नाहीत, वह्याही नाहीत. बातमी मात्र छापून आली. त्या सकाळी हैबतराव रोह्याहून स्कूटरवर आले, त्याला मागे बसवून थेट शाळेत घेऊन गेले. म्हणाले, “इचार पोरांना, वह्या एकरेघी हायत का दुरेघी.” पोरं हसत सुटली. परत आणून उतरवताना तेवढं म्हणाले, “झाल्याबिगर लिवायचं नाय. आपल्याकडं दुसरं हाय काय?”

संघाला कचेरी नव्हती. हैबतरावांच्या स्कूटरची डिकी हीच कचेरी. कुणाचं ओळखपत्र अडलं, कुणाला बातमीवरून धमकी आली, की ते अर्ज घेऊन हजर. खाडीकडचा नाथा वार्ताहर गाडीवरून पडला तेव्हा अकरा दिवस ते इस्पितळाच्या बाकावर बसून होते. नाथाच्या वर्तमानपत्रातून एक फोनही आला नव्हता. मात्र स्वतःचा सत्कार त्यांनी बावीस वर्षं टाळला. या वर्षी पद सोडायचं ठरवलं तेव्हा हर्षदनेच त्यांना कसंबसं राजी केलं होतं.

सव्वाचारला फोन आला तो हैबतरावांच्या मुलाचा, प्रवीणचा. तो धाटावच्या एका कंपनीत कामाला होता.

“हर्षददादा, बाबा गेले. तुमच्याकडंच निघालेले. एसटी स्टँडवर छातीत कळ आली. दवाखान्यात नेस्तवर संपलं.”

हॉलमध्ये कुणीतरी माइक तपासत होतं. हर्षदने तो बंद करायला सांगितला आणि बाहेर येऊन सत्काराची बातमी काढायला सांगण्यासाठी कार्यालयात मृणालीला फोन लावला. जिल्ह्याचं पान ती बघायची.

“पान छपाईला गेलं रे,” ती म्हणाली. “पाचपर्यंत थांबवता येईल. पण बातमी कार्यक्रमाआधी दिली होती, असं तुला लेखी द्यावं लागेल. ते संपादकांकडे जाणार. गेल्या वर्षीचं पत्र आठवतंय ना?”

आठवत होतं. अशाच एका बातमीवरून ताकीद मिळाली होती, पुन्हा झालं तर काम बंद. पेणची ही वार्ताहरकी गेली तर या वयात त्याला दुसरीकडे कोण घेणार होतं?

बरोबरचा सुजय दुसऱ्या वर्तमानपत्राचा. तो म्हणाला, “राहू दे. मानसानं जन्म घालवला या कामात. निदान कागदावर तरी सत्कार होऊ दे त्याचा.”

हर्षदला ते पटलं, किंवा पटवून घ्यायला बरं वाटलं. पाच वाजले तेव्हा फोन खिशातच होता.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर, रोह्याहून आलेल्या बातमीत, हैबतरावांचं दुपारी निधन झालं होतं आणि चौथ्या पानावर ते सायंकाळी सत्काराला उत्तर देत होते.

दहाव्याला रोह्याला सगळे जमले. सुजयने चौथ्या पानाचं कात्रण लॅमिनेट करून आणलं होतं. फोटोखाली लावायचं म्हणत होता. हैबतरावांच्या बायकोने, रंभाकाकींनी, ते हातात घेतलं. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. बोट फिरवत हळूहळू वाचत गेल्या.

“सायंकाळी,” त्या म्हणाल्या. “सायंकाळी तर त्यांना घरी आनलेलं. मी पाय धरून बसलेली. मग ह्ये बोललं कोन?”

“काकी, तसं लिहायची पद्धत असते,” सुजय म्हणाला.

“आसंल. त्यांची नव्हती.”

हर्षद पुढे होऊन त्यांच्यासमोर बसला.

“मी लिहिलं, काकी. दोन वाजता.”

“दोनला ते सदरा घालत व्हते.” त्यांचा आवाज चढला नाही. “मला म्हनाले, काय बोलू गो मी थितं? मी म्हटलं, मला काय इचारता, बावीस वर्सं लोकांना बोलायला लावलंत. तर म्हनाले, उभा ऱ्हाऊन बघतो, काय सुचतं ते.”

“काही सुचलं होतं का?”

“नाय रे बाबा. तसंच गेले.”

त्यांनी कात्रण त्याच्या हातात दिलं. रागाने नाही, जेवणाऱ्याला पाण्याचा तांब्या द्यावा तसं.

हर्षद ओट्यावर जाऊन बसला आणि मोबाइलवर चार ओळी लिहून त्याने मृणालीला पाठवल्या. पाचव्या मिनिटाला तिचा फोन आला.

“वाचून दाखवते. ‘पेण येथे हैबतराव खामकर यांचा सत्कार झाला नाही. त्या दुपारीच ते वारले. त्यांच्या तोंडचं वाक्य मी रचलं होतं. बातमी कार्यक्रमाआधीच दिली होती. हर्षद, पेण वार्ताहर.’ हर्षद, ‘नजरचुकीने’ घालू का? तुझं नाव काढते. निभून जाईल.”

“नको. आहे तसं जाऊ दे.”

“काम जाईल तुझं.”

“माहीत आहे.”

खुलासा तिसऱ्या दिवशी आला, शेवटच्या रकान्यात, हवामानाच्या चौकटीखाली. आठवड्याने कार्यालयाचं पत्र आलं. हर्षदच्या त्या वर्तमानपत्राला पेणच्या बातम्या आता सुजय देतो.