दादांची डुलकी

गाद्यांच्या कारखान्यात नव्या मालातली पहिली गादी शिवून झाली की दादा तिच्यावर आडवे व्हायचे. डोळा लागला तर माल बाहेर. नाही लागला तर उसवा आणि पुन्हा भरा! लोक हसायचे. हसोत बापडे. रात्री झोपायचे दादांच्याच गाद्यांवर ना?

आणि आता धाकट्या बहिणीने धंद्याचं कॉर्पोरेशन करायचं खूळ काढलं होतं. वकीलबाई समजावत होत्या, "दादा, पाटीवर कंपनी लिहिलंय, पण आहे ती तुम्हा दोघा भावंडांची भागीदारी. तुम्ही थांबलात की धंदा थांबला. कॉर्पोरेशन म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वेगळीच व्यक्ती. मालक येतील, जातील, ती राहील. कारभार मात्र संचालक मंडळाच्या ठरावाने चालेल."

"म्हणजे मंडळाने ठरवलं तर माझी डुलकी बंद?"

"ठरवलं तर, हो."

तरी दादांनी कागदांवर सही केली. बहिणीच्या हट्टापुढे त्यांचं कधी चाललं होतं? आता हे लोक मशीन आणणार, गादीचा दाब मोजणार, आणि आपण दारात खुर्ची टाकून माश्या मारायच्या. त्या दिवशी त्यांना जेवणही धड गेलं नाही.

मंडळाची पहिली सभा कारखान्यातच भरली. बहीण ताठ बसून वाचू लागली, "ठराव पहिला. नव्या मालाची पहिली गादी झोपूनच तपासली जाईल. झोप लागल्याशिवाय माल बाहेर जाणार नाही."

"अगं चिमणे, मला वाटलं तू मला घरी बसवायला निघालीस!"

"काहीतरीच तुझं! गेल्या थंडीत तू दवाखान्यात होतास, माल इथे पडून. शेवटी मीच गादीवर पडले. पण डोळ्याला डोळा लागेल तर शपथ! सारखा जीव तुझ्यात." तिने ठरावाचा कागद खाली ठेवला. "तेव्हा कळलं, कंपनी म्हणजे नुसते तू आणि मी. एक आजारी, दुसरी रडतेय, की कारखाना बंद. आपल्या माघारीही हे चालायला हवं रे. आता कुणाला तरी शिकव."

दादांनी नव्या मालाच्या पहिल्या गादीजवळ खुर्ची ओढली. "आधी तूच शीक. पड त्या गादीवर. मी बसलोय ना इथे."

"सभा चालू आहे, दादा!" कुरकुरत ती आडवी झाली. दुसऱ्या ठरावाचं काहीतरी बोलता बोलता गप्प झाली.

"ठराव दुसरा?" वकीलबाईंनी विचारलं.

"हळू बोला," दादा कुजबुजले. "आणि माल जाऊ द्या."