किलोतले लिटर

जयसिंगच्या आवाजाला बाहेर पडण्याची सवय नव्हती. शिरूरच्या भाड्याच्या खोलीत दिवस मावळू लागला, की तो खिडकीशी बसे आणि कारखान्यात दिवसभर न बोललेले सारे एका मांजरीला सांगे. तिचे नाव त्याने सांजवेळ ठेवले होते. घरमालकीण ताईबाई तिला नुसतेच 'बया' म्हणत.

तंटा पेटला तो कुरडयांवरून. गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांच्या मधोमध सांजवेळेने आपला विधी उरकला आणि वर चार कुरडया ओढून तो नीट झाकूनही ठेवला.

"जयसिंग, रविवारपत्तोर बघते," ताईबाई जिन्यातून गरजल्या. "तिची कायतरी सोय लाव. न्हाईतर बया पोत्यात आन् पोतं घोडनदीच्या पल्याड. मग नगरवाल्यांनी सांभाळावं तिला."

शहरातल्या मांजरी पसरट भांड्यात, 'लिटर' नावाच्या खड्यांवर बसतात, हे त्याला मोबाइलने सांगितले. पिशवीची किंमतही सांगितली. ती वाचून जयसिंगला मांजरीपेक्षा स्वतःचीच कीव आली.

मग स्वस्तात मिळेल या आशेने तो जनावरांच्या औषधांच्या दुकानात गेला आणि गर्दी ओसरायची वाट पाहत उभा राहिला. गर्दी गवळ्यांची होती. ती ओसरणारी नव्हती. अखेर दुकानदार सर्जेरावांनीच विचारले, "काय पायजे?"

"लिटर."

"कशाचं?"

"मांजरीचं."

गवळ्यांच्या माना एकदम वळल्या.

"आता मांजरीचंबी दूध घालाया लागले व्हय?" सर्जेराव म्हणाले. "फॅट किती लागतंय?"

"एका येळला किती लिटर देती?" मागून कुणीतरी पुस्ती जोडली.

"दूध नाही हो," जयसिंग कानापर्यंत तांबडा झाला. "नुसतं लिटर. पाच किलो."

"लिटर किलोत मागतोय गडी!"

हशा उसळला, आणि नेमके तेव्हाच खुटबावचे शंकरराव दारातून आत आले. त्यांची पोल्ट्री होती.

"हसता काय? लिटर किलोतच असतंय," ते म्हणाले. "कोंबड्यांच्या खाली भाताचं तूस आंथरत्यात, त्येला लिटरच म्हणत्यात. पर पाच किलोनं काय व्हतंय पाव्हणं? पक्षी किती हायेत?"

"एकच."

"एकच हजार? नव्या माणसानं तेवढ्यानंच सुरवात करावी. रविवारी चौफुल्याला या, तूस देतो."

सर्जेरावांनी ओठ घट्ट मिटून घेतले. असली मजा कोण मोडणार? आणि जयसिंगला खरे सांगायचे, तर भरल्या दुकानात पुन्हा तोंड उघडावे लागले असते. त्यापेक्षा हजार पक्ष्यांचा मालक होणे त्याला सोपे वाटले.

रविवारी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीने तो चौफुल्याला उतरला. तिथून शंकररावांनी त्याला मोटरसायकलवर घेतले. शेड केवढी, पाण्याची सोय काय, बॅच कधी टाकणार. प्रत्येक प्रश्नाला जयसिंगने मागे बसून मान हलवली. मान त्यांना दिसत नव्हती, एवढाच त्याचा प्रामाणिकपणा.

खुटबावला टेम्पो पोत्यांनी शिगोशीग भरून उभा होता. शंकररावांच्या पत्नी गीताबाईंनी चहा दिला. ड्रायव्हरने विचारले, "माल कुठं खाली करायचा?"

जयसिंगच्या डोळ्यांपुढे ताईबाईंचा दरवाजा आला, दरवाजात टेम्पो आला, आणि शंकररावांकडे वळताच त्याच्या घशातून आवाज आपोआप फुटला.

"मामा, पक्षी नाहीत. मांजर आहे. एकच. तिला परसाकडेला लागतं."

गीताबाईंनी आधी पदर तोंडाला लावला, मग डोळ्यांना. "आगं बाई, मांजरीचा संडास!"

"आन् त्ये हजार पक्षी?" शंकरराव म्हणाले.

"ते तुम्ही म्हणालात. मी फक्त नाही म्हटलं नाही."

शंकररावांनी टेम्पोकडे पाहिले, जयसिंगकडे पाहिले आणि ते मटकन बाजेवर बसून हसू लागले. "अर्धा दिस खाल्ला की वो माझा! न्या एक पोतं, तसंच न्या. पर मांजरी त्यात बसली न्हाई, तर तिला हिकडं आणून सोडा. खाद्याच्या खोलीत उंदरांनी हैदोस घातलाय."

परतीच्या एसटीत कंडक्टरने पोत्यावर बोट टेकवले. "काय हाय?"

"लिटर."

"दूध पोत्यात?"

जयसिंगने या वेळी खिडकीबाहेर पाहणे पसंत केले.

तिन्हीसांजेला घमेल्यात तूस पसरले गेले. ताईबाई खुर्ची घेऊन निकालाला बसल्या. सांजवेळेने तूस हुंगले, त्यात तीन गिरक्या घेतल्या आणि ती ऐसपैस झोपली.

"गादी झाली तिची," ताईबाई म्हणाल्या. "पोतं आण."

जयसिंग गुडघ्यांवर बसला. "अगं, ऐक," तो मांजरीला म्हणाला. ताईबाई तिथे आहेत हे तो विसरला. "नदीपलीकडे तुला कोणी ओळखत नाही. खुटबावला उंदीर आहेत, मान आहे, तू सुखी होशील. पण संध्याकाळी मी कोणाशी बोलू? कारखान्यात माझं नावदेखील कुणी पुरतं घेत नाही गं."

बराच वेळ तो बोलत राहिला. सांजवेळ उठली. तिने कोपऱ्यात खड्डा केला, दूर कुठेतरी पाहत गंभीरपणे बसली, आणि मग इतक्या जोमाने तूस उडवले की ताईबाईंची मांडी भरून गेली.

ताईबाई लुगडे झटकायचेही विसरल्या.

"येवढं बोलाया येतंय व्हय तुला?" त्या म्हणाल्या. "वरीस झालं, मला वाटलं पोरगं मुकंच हाय. आन् बोलायला मांजरच गावलं?"

जयसिंगने सांजवेळेला उचलून छातीशी धरले.

"राहू दे बयेला," खुर्ची उचलत त्या म्हणाल्या. "पर ह्ये सांडलेलं कोण झाडणार?"

"मी," जयसिंग म्हणाला, आणि आपला आवाज जिन्यापर्यंत पोचल्याचे ऐकून स्वतःच दचकला.